डब्यावरचा दुसरा रकाना

फिलाडेल्फियातल्या एका हिवाळ्यात मी जवळपास चार महिने रात्रीच्या जेवणाला डब्यातलं बीन सूप घेत होतो. प्रोजेक्टसाठी कंपनीने पाठवलं होतं. खोलीवर परत येईपर्यंत साडेआठ वाजायचे, बाहेर बर्फ असायचा आणि खोलीत एकच इलेक्ट्रिक शेगडी. डबा उघडायचा, पातेल्यात ओतायचा, तेवढंच पाणी घालून उकळायचा. सहा मिनिटांत जेवण तयार. त्याच सुमारास आईचा फोन यायचा, तिच्याकडे सकाळ झालेली असायची.

"जेवलास का रे?"

"हो गं."

"काय केलंस?"

"उसळ."

अगदीच खोटं नव्हतं. पांढरे बीन्स म्हणजे आपल्या घेवड्याचेच भाऊबंद, वर कांदा, गाजर, टोमॅटो. डब्याच्या मागे छापलेला पोषणमूल्यांचा चौकोन मी पहिल्याच दिवशी वाचला होता. १६० कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं, ८ ग्रॅम तंतू, चरबी नावापुरती. हॉस्टेलमध्ये मॅगीवर काढलेल्या दिवसांच्या मानाने मी फारच शहाणा झालोय असं मला वाटत होतं.

मग विम्यासाठी वार्षिक तपासणी झाली. नर्सने दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं आणि परत बांधला. १४६/९४. माझं वय तेव्हा सत्तावीस. डॉक्टरबाईंनी विचारलं, रात्री काय खातोस? मी जरा अभिमानानेच सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "किती? पूर्ण डबा?"

घरी येऊन डबा परत हातात घेतला. त्या चौकोनात दोन रकाने होते. पहिला 'एका सर्व्हिंगमध्ये', दुसरा 'पूर्ण डब्यात'. एका डब्यात अडीच सर्व्हिंग. चार महिने मी पहिलाच रकाना वाचत होतो आणि दुसरा रकाना जेवत होतो. सोडियम पहिल्या रकान्यात ७९० मिलिग्रॅम, दुसऱ्यात १,९७५. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहावं म्हणते, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. माझा दिवसाचा कोटा एका वाडग्यात संपत होता, आणि दुपारचं कँटीनचं जेवण अजून धरलेलंच नव्हतं.

कोणाला दोष देण्यात अर्थ नव्हता, सगळं स्वच्छ छापलेलं होतं. पण आमच्या धंद्यात बग सापडला की तो दुरुस्त करून माणूस थांबत नाही. ही ओळ कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कशासाठी लिहिली, तेही बघतो. त्या चौकोनाला मी तसाच गिट ब्लेम लावला. वाटलं होतं दहा-वीस वर्षं मागे जाईन. गेलो म्युनिकच्या भिकाऱ्यांपर्यंत.

गरिबाला किती स्वस्तात जगवता येईल?

बेंजामिन थॉम्पसन हा मूळचा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला, मग देश सोडून बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरीला लागला. पुढे काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्ध झाला. १७९० च्या पहिल्याच दिवशी त्याने म्युनिकच्या रस्त्यांवरचे भिकारी धरून आणले आणि कामगृहात कामाला लावले. आता त्यांना खायला घालणं आलं, आणि तेही कमीत कमी पैशात.

त्याने प्रयोग करून एक सूप ठरवलं: बार्ली, वाळलेले वाटाणे, बटाटे, मीठ, व्हिनेगर, शिळ्या पावाचे तुकडे आणि भरपूर पाणी. इतक्या थोड्या धान्यात माणसं कशी तगतात याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. त्याचं त्याने काढलेलं कारण असं की, मंद आचेवर बराच वेळ शिजवल्यावर पाणी स्वतःच पौष्टिक होतं. ही समजूत साफ चुकीची होती. काम वाटाणे आणि बार्ली करत होते. द्विदल आणि धान्य एकत्र आलं की प्रथिनांची जोडी जमते. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यांत त्याच्या उलट. आपल्या वरणभाताचं आणि भाकरी-उसळीचं गणित हेच आहे. रम्फर्डला कारण कळलं नव्हतं, पण कृती बरोबर सापडली होती. अशा प्रकारचा कोड प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं चालतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

त्याचं सूप पुढे युरोपभर पसरलं, लंडनपर्यंत गेलं. कडधान्याचं सूप आणि 'माणशी किती' हा हिशेब, हे दोघं इथे पहिल्यांदा एका ताटात बसलेले मला दिसले. मात्र हिशेब वाढणाऱ्याचा होता. खाणाऱ्याला तो कोणी दाखवत नव्हतं.

डबा आधी, कारण नंतर

डब्याची गोष्टही अशीच. निकोला आपेर हा फ्रेंच हलवाई. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्याची पद्धत. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले आणि त्याने आपली कृती पुस्तकात छापून सगळ्यांसाठी खुली केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि १८१३ पासून लंडनच्या बर्मंड्सी भागातल्या कारखान्यातून डबे नौदलाला जाऊ लागले. डबा उघडायला छिन्नी-हातोडा लागायचा. ओपनर यायला आणखी चाळीसएक वर्षं गेली.

अन्न टिकतं का, हे आपेरला माहीत नव्हतं. जंतूंचा मुद्दा पाश्चरने पन्नास वर्षांनी मांडला. तरीही डबे अधूनमधून फुगत आणि फुटत राहिले. १८९५ च्या सुमारास सॅम्युएल प्रेस्कॉट हा एमआयटीतला तरुण जीवशास्त्रज्ञ आणि विल्यम अंडरवुड हा डबेवाल्या घराण्यातला माणूस, दोघांनी मिळून खराब झालेले डबे तपासले. काही जंतू बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, त्यामुळे दाबाखाली, जास्त तापमानाला, ठरावीक वेळ शिजवायला हवं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे कुकर. फक्त खोलीएवढा.

त्यानंतर १९१९-२० मध्ये अमेरिकेत डबाबंद ऑलिव्हमधून बॉट्युलिझम झाला, माणसं मेली, आणि डब्याचा धंदा हादरला. तेव्हा कुठे नेमकी मोजणी झाली. बॉट्युलिझमच्या जंतूचे दहातले नऊ बीजाणू मारायला १२१ अंश सेल्सिअसला साधारण ०.२१ मिनिटं लागतात. नियम असा ठरला की हे बारा वेळा करायचं. दहातले नऊ, उरलेल्या दहातले नऊ, असं बारा वेळा. एकूण अडीच मिनिटं, आणि तीसुद्धा डब्याच्या अगदी मधोमध, जिथे उष्णता सगळ्यात उशिरा पोचते. आमच्याकडे सर्व्हर ९९.९९९ टक्के वेळ चालू राहिला तर 'पाच नाइन' म्हणून केक कापतात. साध्या सूपच्या डब्याला बारा नाइन आहेत.

याची किंमत असते. बीन्सचं सूप दाट, त्यामुळे मध्यभागी ऊब पोचेपर्यंत कडेचं सूप कितीतरी जास्त शिजतं. थायमिन आणि क जीवनसत्त्व बरंचसं जातं. प्रथिनं, तंतू, लोह आणि इतर खनिजं मात्र टिकतात. एक फायदाही होतो. कच्च्या राजमासारख्या घेवड्यात एक विषारी लेक्टिन असतं, नीट न उकळलेला राजमा खाल्ला तर काही तासांत उलट्या सुरू होतात. घरी ते घालवायला भिजवलेले दाणे किमान दहा मिनिटं खळाखळा उकळावे लागतात, स्लो कुकरची मंद आच पुरत नाही. डब्यात ते उरत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट: डब्यातलं अन्न टिकवण्यासाठी मीठ लागतच नाही. लोणच्याला लागतं, सुकटीला लागतं. डबा टिकतो तो उष्णतेने आणि हवाबंद झाकणाने. मग १,९७५ मिलिग्रॅम सोडियम तिथे करतं काय?

मीठ कुठून आलं

फिलाडेल्फियाहून डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की कॅमडेन लागतं. कॅम्पबेल कंपनी इथली, १८६९ पासूनची. (मी खायचो तो डबा त्यांचा नव्हता, दुकानाच्या स्वतःच्या लेबलचा, सगळ्यात स्वस्त होता.) १८९७ मध्ये तिथे जॉन डॉरन्स नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ आठवड्याला साडेसात डॉलरवर लागला. एमआयटीची पदवी, जर्मनीतली डॉक्टरेट, आणि मालकांपैकी एकाचा पुतण्या. डब्यात बहुतेक पाणीच असतं आणि आपण पाणी वाहून नेतोय, हे त्याने हेरलं. अर्धं पाणी काढून सूप घट्ट केलं, ते गिऱ्हाइकाने घरी घालायचं. डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली आणि सूप दहा सेंटांत मिळू लागलं. आम्ही याला कॉम्प्रेशन म्हणतो. अडीच सर्व्हिंगच्या त्या छोट्या डब्याचा खापरपणजोबा हाच.

पण दाबाखाली बराच वेळ शिजलेल्या गोष्टीची चव मंदावते. ताज्या कांद्याचा झणका, भाजीचा वास, सगळं सपाट होतं. ती चव सगळ्यात स्वस्तात उभी करणारी वस्तू म्हणजे मीठ. हे काही अमेरिकेचंच नाही. १८६७ मध्ये बर्लिनच्या ग्र्युनेबर्ग नावाच्या आचाऱ्याने वाटाण्याचं पीठ, चरबी, कांदा आणि मीठ यांची कांडी केली, पाण्यात उकळली की सूप. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियन सैनिक तिच्यावर चालले. ही 'एर्ब्सवुर्स्ट' पुढे दीड शतक विकली गेली, २०१८ च्या शेवटी बंद झाली.

अमेरिकेतही बारक्या पांढऱ्या बीन्सना 'नेव्ही बीन' म्हणतात, कारण त्या नौदलाच्या शिध्यात असत. तिथल्या सिनेटच्या उपाहारगृहात बीन सूप रोज असतंच. ती प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची सांगतात, सुरू कोणी केली यावर दोन सिनेटरांच्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६२ मध्ये अँडी वॉरहॉलने कॅम्पबेलच्या बत्तीस प्रकारांची बत्तीस चित्रं काढली, त्यात 'बीन विथ बेकन'ही आहे. सैनिकाच्या शिध्यातून सिनेटरच्या टेबलावर आणि तिथून भिंतीवर, घेवड्याने एवढा प्रवास केला.

कॅलरीचा जन्म

आता चौकोनातल्या आकड्यांकडे. विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात कनेक्टिकटमध्ये एक बंद खोली बांधली. माणसाला त्यात काही दिवस राहायला लावायचं, आत जाणारं अन्न, बाहेर येणारी उष्णता, श्वास, मळ, सगळं मोजायचं. त्यातून आजही वापरात असलेले आकडे निघाले: एक ग्रॅम प्रथिनाला ४ कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकाला ४, एक ग्रॅम चरबीला ९. माझ्या डब्यावरचे १६० त्याच सूत्राने आलेत.

ॲटवॉटरला हे करायचं होतं ते कामगारांसाठी. मजूर महागडं मांस घेतात, त्याच पैशात बीन्स घेतल्या तर कितीतरी जास्त प्रथिनं मिळतील, असं तो सांगायचा. पालेभाज्या त्याच्या हिशेबात पैशांची नासाडी होत्या, कारण त्यांत कॅलरी कमी आणि जीवनसत्त्वं ही गोष्ट अजून कोणाला माहीतच नव्हती. तो शब्द आला १९१२ मध्ये.

एलन स्वॅलो रिचर्ड्स ही एमआयटीतून पदवी घेणारी पहिली स्त्री. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये बॉस्टनला गरीब वस्तीसाठी शास्त्रशुद्ध स्वयंपाकघर काढलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिने 'रम्फर्ड किचन' उभारलं. नाव त्याच काउंटवरून. तिथे जेवणाबरोबर त्यातली प्रथिनं, चरबी आणि कॅलरी छापलेलं कार्ड मिळायचं. खाणाऱ्याच्या हातात दिलेला हिशेब मला सापडला तो इथे. प्रदर्शनाला आलेल्या लोकांना ते फार आवडलं. बॉस्टनच्या गरीब वस्तीत मात्र ते स्वयंपाकघर रुजलं नाही. आयर्लंड-इटलीहून आलेल्या मजुरांना आपल्या घरची चव हवी होती, दुसऱ्याने आपल्यासाठी ठरवलेली पौष्टिकता नको होती.

त्या कार्डापासून माझ्या चौकोनापर्यंत यायला शंभर वर्षं लागली. अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून पोषणमूल्यांचा चौकोन सक्तीचा झाला. 'सर्व्हिंग' या शब्दाने लोक फसतात हे लक्षात आल्यावर २०१६ च्या नियमांत, एका बैठकीत संपू शकतील अशा दोन-तीन सर्व्हिंगच्या पाकिटांवर दुसरा रकाना आला. म्हणजे माझा बग आधीच नोंदवला गेला होता, दुरुस्तही झाला होता. मी फक्त वाचलं नव्हतं.

आजीची सर्व्हिंग साइज

इथे लेख संपवणार होतो. पण सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजीला ही सगळी हकिकत सांगितली. आमचं मूळ गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यात. शेजारच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. मूळचा अमेरिका खंडातला हा दाणा पोर्तुगीज काळानंतर इकडे आला आणि इतका आपला झाला की आजीला तो परदेशी आहे हे पटतच नाही. "आमच्या सासऱ्याच्या आज्यापासनं घेवडा हाय," म्हणाली. मी वाद घातला नाही.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी अडीच माणसांचं तू एकटाच खात हुतास व्हय?" मग सांगायला लागली ती बहात्तरच्या दुष्काळाचं. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची. कोरडी, गोडसर. कामावर आलेल्या माणसाला ठरलेलं माप. आजी त्यातली थोडी तिथे खायची आणि उरलेली पदराला बांधून घरी आणायची. घरी तीन वर्षांचे माझे बाबा होते, आणि सासू.

कोणत्या तरी वहीत त्या दिवशी आजीच्या नावापुढे एका माणसाचं पोषण लिहिलं गेलं असणार. खाल्लं तिघांनी. माझ्या डब्याचा बग, फक्त उलटा.

त्याच्याच वर्षभर आधी, १९७१ मध्ये, पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. गरीब कोण? ज्याला दिवसाला माणशी २,२५० कॅलरी देईल एवढाही खर्च परवडत नाही तो. ॲटवॉटरच्या खोलीतून निघालेलं माप इथे दारिद्र्यरेषा झालं. त्याला आव्हान दिलं पां. वा. सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत जगाच्या भुकेचे आकडे मांडलेला हा संख्याशास्त्रज्ञ जन्मला खटाव तालुक्यातल्या बुध गावात, आमच्या तालुक्यात. त्यांचं म्हणणं असं की गरज माणसागणिक तर बदलतेच, त्याच माणसाची रोजची गरजही बदलत राहते. सरासरीला रेघ मारून तिच्या खालचे सगळे उपाशी मोजले तर आकडा चुकतो. समोरून उत्तर आलं की कमी अन्नाशी शरीर जुळवून घेतं असं म्हणत राहिलो तर खरे उपाशीच हिशेबातून निसटतील. दोघंही पुण्यातले, दोघंही मोठे, आणि वाद वर्षानुवर्षं चालला. किती लोकांना उपाशी म्हणायचं हा प्रश्न त्यावर अवलंबून होता, म्हणजे सरकारने किती जणांसाठी खर्च करायचा हाही.

हे वाचताना मला कळलं की पदरात बांधलेली सुकडी या वादात कुठेच बसत नाही. दोन्ही बाजू माणशी किती हेच विचारत होत्या. घरात गेल्यावर ते कोणाच्या वाट्याला किती आलं, ते मोजणारा रकाना कोणाकडेच नव्हता.

आता कामाचं बोलतो, कारण तुमच्यातले कितीतरी जण बाहेर एकटे राहत असतील. डब्यातलं बीन सूप वाईट अन्न नाही. प्रथिनं, तंतू, लोह खरे आहेत, आणि ब्रेडचा तुकडा किंवा भात जोडला तर प्रथिनांची जोडीही पुरी होते. फक्त सोडियम पूर्ण डब्याचं बघा. कमी मिठाचा मिळत असेल तर तो घ्या, मीठ टिकण्यासाठी नसतंच. त्याहून बरं म्हणजे सूपऐवजी नुसत्या शिजवलेल्या बीन्सचा डबा घ्या. त्या निथळून नळाखाली धुतल्या तर सुमारे ४० टक्के सोडियम निघून जातं. सूप निथळता येत नाही. मग कांदा, लसूण, घरून आणलेला मसाला. शेगडी एक असली तरी दहा मिनिटांत होतं.

मी तेच करायला लागलो. तीन महिन्यांनी आकडा १२८/८२ आला. रोज चालायलाही लागलो होतो, त्यामुळे सगळं श्रेय मिठाला देत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आजीने घेवड्याची आमटी केली. मी वाटी पुढे केली तर म्हणाली, "थांब, आधी तुझ्या बापाला वाढू दे." बाबा पंचावन्न वर्षांचे आहेत. त्यांना वाढून झाल्यावर तिने पातेल्यात वाकून बघितलं, आणि मग माझी वाटी भरली.